फरजाना आपा अन् फुटाण्याची भट्टी

मी कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शालू, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुमचे कान फक्त चष्म्याच्या काड्या अडकवाले आहेत, आत काही जात नाही. ऑफिसात साहेब म्हणतात, तायडे, तुम्ही आधी 'नाही' म्हणता अन् मग प्रश्न काय होता ते विचारता. खरं आहे. पण अठ्ठेचाळीस वर्षांत एका माणसाचं मी ऐकलं, तेही पोटभर भांडून झाल्यावर. तो माणूस म्हणजे अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या चष्मेवाल्या फरजाना आपा. लिहिणं आपलं काम नाही, पण आपांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहून राहिलो. बोलतो तसं लिहीन, गोड मानून घ्या.

आपांचं दुकान म्हणजे दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं ओट्यावर उभं राहून बोलायचं. पुढच्या कपाटात चष्मे, मागं काच घासायचं चाक. त्यांचे वडील हुसेन चाचा चष्मे करून पोट भरत, पण जीव त्यांचा दुरुस्तीत. कॉलेजातली सूक्ष्मदर्शकं, मेळघाटात पक्षी पाहणाऱ्यांच्या दुर्बिणी, आमच्या खात्याची मोजणीची यंत्रं, सगळं त्यांच्याकडे यायचं. आपा शाळेतून आल्या की त्यांच्या बाजूले बसायच्या. दोन भाऊ होते, एक बाहेरदेशी गेला, दुसऱ्यानं मोटारीचे पार्ट विकाले घेतले. दुकान आपांनी धरलं. लोक म्हणत, बाईमाणूस यंत्र उघडून काय करणार, उघडंच ठेवीन. आता आपा बावन्न वर्षांच्या आहेत, अन् त्याच लोकांचे पोरं यंत्र फडक्यात गुंडाळून ओट्यावर वाट पाहत उभे राहतात.

माझी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणानं. मी पाटबंधारे खात्यात कालव्याची लेव्हल घेतो. तिपाईवर दुर्बीण लावायची, दूर एक माणूस आकड्यांची उंच पट्टी घेऊन उभा राहते, अन् दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. कोणती जमीन उंच, कोणती खाली, हे त्यातून कळते. अठरा वर्षांपूर्वी धारणीकडे जात असताना मी यंत्राची पेटी जीपमध्ये बांधली नाही. रस्ता कसा आहे तुमाले माहीत आहे. पेटी उडाली, अन् यंत्रातली आडवी-उभी रेघ तुटली. ती रेघ म्हणजे यंत्राचा प्राण. खात्यातलं जुनं यंत्र, कंपनी कधीच बंद पडलेली. साहेबाले सांगायची हिंमत नव्हती. मी गुपचूप आपांकडे गेलो. त्यांनी यंत्र उघडलं, भिंग लावून पाहिलं, अन् म्हणाल्या, "जुन्या यंत्रात कोळ्याचा धागा राहते भाऊ. बसा." मग काठी घेऊन दुकानाच्या माळ्यावरून एक कोळी शोधून काढला, त्याचा एक धागा तारेच्या चिमट्यावर ताणला अन् डिंकानं आत बसवला. मी तोंडाचा आ करून पाहत राहिलो. तेवढा धागा पुढं सात वर्षं चालला. म्हणून सांगतो, ही बाई साधी नाही.

आता माझ्या नादाकडे येतो. मले रायफलचा नाद आहे. शिकार नाही बाप्पा, मी कोंबडीही कापत नाही. पॉइंट टू टूची रायफल, पन्नास मीटरवर कागद, पालथं पडून साठ गोळ्या, सहाशेपैकी किती ते पाहायचं. पंधरा वर्षं मी बारीक छिद्रातून नेम धरायच्या प्रकारात खेळलो. दर वर्षी राज्य स्पर्धेची जागा चार-पाच गुणांनी हुकायची. पंचेचाळिशीनंतर डोळ्यानं दगा दिला. कागद दिसे, पण रायफलच्या टोकावरचं कडं धुरकट झालं. आमच्या रायफल क्लबनं यंदा दुर्बिणीच्या गटातून एकच माणूस राज्यावर पाठवायचं ठरवलं. निवड अकोल्याच्या सामन्यात, जो जास्त गुण मारीन तो जाईन. मी छिद्र सोडलं अन् दुर्बीण लावायचं ठरवलं. अन् तोंडाले कुलूप नसल्यामुळं सगळ्या क्लबासमोर बोलून बसलो की या वर्षी गेलो नाही तर रायफल जमा करून टाकीन, पुन्हा नेमबाजीच्या रेंजवर पाय ठेवणार नाही. जिभेले हाड नसते म्हणतात ते असं.

माझ्या वाटेत एकच पोट्टा होता, शाकीब. एकतीस वर्षांचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हात असा स्थिर की बसलेली माशी उडणार नाही. त्याच्याकडे आठपासून बत्तीस पटीपर्यंत मोठं दाखवणारी दुर्बीण होती. पॉवर कमी-जास्त करता येणारी, चांगली महाग. मले वाटलं, त्याची बत्तीस तर आपली छत्तीस पाहिजे. लग्नात वरातीचा बँड मोठा आणतात तसा हिशेब. नागपूरच्या एका मित्राकडून मी तीन दुर्बिणी पाहाले आणल्या, पसंत पडेल ती ठेवायच्या बोलीवर. एक छत्तीस पटीची लांबलचक. एक बारा पटीची, साधी, बुटकी. तिसरी चोवीस पटीची, दिसाले चकचकीत. फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी सात वाजता रेंजवर छत्तीसची लावून पाहिली, अन् काय सांगू! कागदावरच्या जुन्या गोळीच्या भोकाची फाटकी कड दिसे. मी तिथंच ठरवून टाकलं. फक्त तिचं डोळ्याकडचं कडं घट्ट बसलं होतं, फिरत नव्हतं. ते सैल करून घ्यावं म्हणून शुक्रवारी तिन्ही दुर्बिणी पिशवीत घालून आपांकडे गेलो.

आपांनी कडं पाहिलंच नाही. आधी विचारलं, "खेळायचं कुठं आहे?"

"अकोल्याले."

"कोणत्या महिन्यात?"

"एप्रिल. मार्चभर त्या मैदानावर शाळेच्या परीक्षा आहेत."

"वाजता किती?"

"साडेदहा ते साडेबारा. तुमी कडं सैल करा ना आपा, कुंडली कायले मांडता?"

"जमीन कशी आहे? गवत का उघडी माती?"

"काळी माती. भेगा पडलेली."

आपांनी चष्मा डोक्यावर सरकवला अन् माझ्याकडे असं पाहिलं की जसं मीच बिघडलेलं यंत्र आहे. "मंग सकाळी सात वाजता काय पाहून आले? सातले तर सगळंच चांगलं दिसते. चला बाहेर."

त्यांच्या ओट्यापासून आठ-दहा पावलांवर बुधाजीची फुटाण्याची भट्टी आहे. मोठी कढई, तीत तापलेली वाळू, वाळूत हरभरे. दुपारचे बारा वाजत होते, भट्टी फुल पेटलेली. गल्लीच्या टोकाले एक कापडाचं दुकान शुक्रवारी बंद राहते. आपांनी मले तिथपर्यंत पावलं मोजत पाठवलं अन् शटरवर नेमाचा कागद चिकटवाले लावला. बरोबर पन्नास मीटर. मग ओट्यावर टेबल ठेवलं, त्यावर काच पकडायचा लोखंडी शिकंजा, शिकंज्यात छत्तीसची दुर्बीण, अन् तोंड असं केलं की नजर बुधाजीच्या कढईवरूनच जाईन.

बुधाजी ओरडला, "आपा, माह्या भट्टीवरून चंद्र पाहून राहिल्या काय?"

"तुमी हरभरे परता," आपा म्हणाल्या, "जाळ कमी करू नका फक्त."

मी डोळा लावला. खोटं कायले बोलू, मले आधी समजलंच नाही की मी काय पाहून राहिलो. कागदावरचा काळा गोल उकळत होता. कधी अंड्यासारखा लांब होई, कधी त्याचे दोन तुकडे होत, कधी सगळाच विरघळून जाई. मधला दहाचा ठिपका कुठं आहे ते ब्रह्मदेवाच्या बापाले सापडलं नसतं. मग त्यांनी बारा पटीची लावली. गोल लहान दिसला, पण गोलच दिसला. कड थरथरत होती, पण मध्य जागेवर होता. अन् आणखी एक गोष्ट. गल्लीच्या तोंडाकडून वारा आला की गरम हवेच्या लाटा एका बाजूले वाकत, तेही त्या बुटकीत दिसे.

"हे पाहा," आपा म्हणाल्या, "हवा कुणीकडे चालली तेही फुकटात दिसून राहिलं. छत्तीसची कागदाले छत्तीस पट मोठं करते, पण मधल्या हवेलेही छत्तीस पट हलवते. मोठं दिसते, नीट कुठं दिसते?"

मग चोवीसची चकचकीत लावली अन् मले म्हणाल्या, "डोकं थोडं डावीकडे घ्या. आता उजवीकडे." मी घेतलं. दुर्बिणीतली फुली कागदावर इकडून तिकडं सरकली.

"दुर्बीण शिकंज्यात आहे. कागद शटरवर आहे. मंग हललं काय?"

"माझं डोकं."

"ही शंभर मीटरसाठी बांधलेली आहे, पन्नासवर हिची फुली कागदाले चिकटत नाही. गाल जरा इकडचा तिकडं बसला की गोळी भलतीकडे जाईन. बारावालीले बाजूले चक्र आहे, अंतराप्रमाणं फिरवलं की फुली चिकटते."

एव्हाना ओट्याभोवती पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांसमोर एक चष्मेवाली मले नेमबाजी शिकवून राहिली, हे माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "आपा, तुमी आयुष्यात एक तरी गोळी मारली काय?"

"नाही."

"मंग?"

"तुमी एक तरी काच घासली काय?"

लोक हसले. बुधाजी तर झारा घेऊनच हसला. माझं टाळकं सरकलं. बाजारातल्या भट्टीची अन् रेंजची काय बरोबरी, म्हटलं, तुमी कडं सैल करून ठेवा, मी छत्तीसचीच लावणार आहे. तिन्ही दुर्बिणी तिथंच टाकून मी गाडीले किक मारली. शालूले घरी सगळं सांगतलं तर ती म्हणे, "बरोबरच तर बोलली बाई." घरातही न्याय नाही.

पुढच्या आठवड्यात मोर्शीकडे कालव्याचं काम होतं. संत्र्याच्या बागा संपून उघडं रान लागते तिथं मी यंत्र लावलेलं, ललित दूर पट्टी घेऊन उभा. ललित माझ्यासंगं अकरा वर्षं आहे. साडेदहाच्या सुमाराले तो लांबून ओरडला, "साहेब, हवा उकळली, बंद करू काय?" अन् मी सवयीनं ओरडलो, "कर बंद, आकडे नाचून राहिले."

अन् हात तसाच यंत्रावर राहिला माझा.

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी उन्हाळ्यात साडेदहाले यंत्र आवरतो, कारण तापलेल्या जमिनीवरून आकडे वाचता येत नाहीत. नोकरीले लागलो तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलं होतं, फुली पट्टीवर चिकटली का ते डोकं हलवून पाहा. नवीन लोकांले मीच ते ओरडून शिकवतो. अन् रायफलवर तीच दुर्बीण चढली की सगळं विसरलो. हातात रायफल आली म्हणजे मी कोणी दुसराच झालो जसा. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय! ललित विचारे, साहेब, ऊन लागलं काय? त्याले काय सांगू, ऊन नाही लागलं, अक्कल लागली.

संध्याकाळी सरळ इतवाऱ्यात गेलो. तोंड पाडून ओट्यावर उभा राहिलो. म्हटलं आता ऐकावं लागणार. आपांनी एका बाईच्या चष्म्याची काडी बसवून दिली, तिले वाटेले लावलं, अन् मागून बाराची दुर्बीण आणून माझ्या हातात दिली. छत्तीसच्या कड्याचंही काम करून ठेवलं होतं, परत पाठवाले सोपं जावं म्हणून. एक शब्द टोमण्याचा नाही. मले वाटलं होतं त्या म्हणतील, काय, उकळली काय हवा? नाही म्हणाल्या. मी त्यांच्या जागी असतो तर आठ दिवस गल्लीत दवंडी पिटली असती.

उलट त्यांनी आणखी शिकवलं. डोळ्याकडचं कडं कसं लावायचं, तर आभाळाकडे तोंड करून एक क्षण पाहायचं अन् डोळा काढून घ्यायचा. टक लावून बसलं की डोळा आपली चूक स्वतःच झाकते अन् मग अर्ध्या तासानं थकते. "डोळा लय भोळा असते भाऊ, तुमाले बरं वाटावं म्हणून तो मेहनत करते." अन् सराव सकाळी सातले नाही, अकराले करायचा. महिनाभर मी रविवारी अन् सुट्टीच्या दिवशी भर उन्हात रेंजवर पडलो. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा, शालूच्या शिव्या वेगळ्या. पण मले हवेच्या लाटा वाचता याले लागल्या. लाट उजवीकडे वाकली की इतका नेम डावीकडे, सरळ वर चालली की जरा थांबायचं. हे तर माझंच काम होतं. फक्त मले माहीत नव्हतं की ते माझं काम आहे.

सामना चौदा एप्रिलच्या आधीच्या रविवारी होता. घरी जयंतीसाठी रंगकाम निघालेलं, शालू म्हणे, जा, तुमी इथं असले तर रंगवाल्यालेही शिकवाल. अकोल्याले आमी शाकीबच्याच गाडीनं गेलो, कारण माझी चारचाकी बॅटरी मागत होती. संगं फरजाना आपाही आल्या. त्यांची भाची नगमा अकोल्यात दिली आहे, तिच्याकडे जायचं होतं, पण आधी म्हणाल्या, "मले पाहायचं आहे, मैदान खरंच भट्टीसारखं तापते काय." शाकीबले लहानपणापासून त्या ओळखतात, एकाच मोहल्ल्यातले. गाडीत दोघं हसून-खिदळून बोलत होते, अन् मी मागं बसून मनात गुण मोजून राहिलो.

मैदान पातूर रोडकडे, गावाबाहेर. साडेदहाले आमी पालथे पडलो तेव्हा जमिनीवर हात ठेववत नव्हता. दहा-दहा गोळ्यांच्या सहा फैरी, तीन झाल्यावर वीस मिनिटं सुट्टी. पहिल्या फैरीत शाकीबनं नव्व्याण्णव मारले, मी सत्याण्णव. म्हटलं, झालं, रायफल जमा. पण अकरा वाजले अन् जमीन उकळाले लागली. मी लाटा पाहत गेलो. अठ्ठ्याण्णव. सत्याण्णव. शाकीबचे पंच्याण्णव झाले, मग ब्याण्णव. सुट्टीची शिट्टी वाजली तेव्हा मी त्याच्या सहा गुणांनी पुढं होतो. दोनशे ब्याण्णव अन् दोनशे शह्याऐंशी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा राज्य स्पर्धा मले समोर दिसून राहिली होती. आनंदात नळावर तोंड धुवाले गेलो.

नळावरून वळून पाहतो तर निंबाच्या झाडाखाली शाकीब आपांसमोर उभा. घामाघूम, चेहरा उतरलेला. म्हणत होता, "आपा, कागद पाण्यात पडल्यासारखा दिसते, मले मध्यच सापडून नाही राहिला." अन् आपा, माझ्या आपा, त्याले सांगत होत्या, "बत्तीसवर कायले ठेवलं? बारावर आण. अन् पॉवर बदलली की बाजूचं चक्र परत लाव, डोकं हलवून पाहा. टक लावू नको, दोन गोळ्यांच्या मध्ये डोळा मिटून घे." दोन्ही हातांनी खुणा करून, अगदी नीट. मले सांगतलं होतं तसंच.

माझ्या अंगाचा भडका झाला. मी जवळ जाऊन म्हटलं, "आपा, हे काय करून राहिल्या तुमी?"

"तो विचारून राहिला, मी सांगून राहिली."

"हा माझ्या समोरचा खेळाडू आहे!"

"मले माहीत आहे भाऊ." अन् पुन्हा शाकीबकडे वळून चक्राचं समजवाले लागल्या.

मी तसाच जाऊन पालथा पडलो. चौथ्या फैरीची पहिली गोळी रागात मारली. लाट पाहिली नाही, श्वास धरला नाही. आठ. पुढच्या नऊ गोळ्यांत फक्त एक नऊ गेली, बाकी सगळे दहा, पण ती आठ गेली ती गेली. सत्याण्णव. मग शहाण्णव. मग अठ्ठ्याण्णव. शाकीबनं मारले नव्व्याण्णव, नव्व्याण्णव अन् पूर्ण शंभर. बोर्डावर लावलं तेव्हा त्याचे पाचशे चौऱ्याऐंशी होते अन् माझे पाचशे त्र्याऐंशी. एका गुणानं.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आकडा होता. आधी कधी पाचशे चौऱ्याहत्तरच्या वर गेलो नव्हतो. पण त्या घडीले ते कोणाले दिसते! शाकीब जवळ आला, हात पुढं केला, मी हात मिळवला, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आपा भाचीकडे जाऊन तासाभरानं परत आल्या, अन् आमी तिघं त्याच गाडीत बसलो. सकाळच्या हसण्या-खिदळण्याचं नाव नाही. शाकीब बिचारा गाणंही लावेना.

मूर्तिजापूरले चहासाठी थांबलो. शाकीब गाडीत हवा भराले गेला. टपरीच्या बाकावर मी अन् आपा. मी म्हटलं, "तुमी त्याले सांगतलं नसतं तर मी गेलो असतो."

"हो," आपा म्हणाल्या. "गेले असते."

सांत्वन नाही, सफाई नाही. मले वाटलं होतं त्या म्हणतील, नशीब भाऊ, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, "पंधरा वर्षं आपा. तुमाले माहीत होतं मी काय बोलून बसलो आहे ते. मंग काहून सांगतलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अन् खरंच त्यांना प्रश्न समजला नाही असं त्यांचं तोंड झालं.

"त्याले दिसत नव्हतं, भाऊ."

एवढंच. चहा पिऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला अन् बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं सरकवला. मी घेतलं नाही. मनात मात्र हिशेब सुरू झाला होता. ती आठ कोणाची? आपांची नाही, शाकीबची नाही. ती मी मारली. ते तेव्हा कबूल केलं नाही, आता लिहून देतो.

तुमाले वाटत असेल त्या एका वाक्यानं माझा राग गेला. कायचा जाते! चांगले दहा दिवस मी इतवाऱ्यातून जाणं टाळलं, दूध आणाले लांबच्या रस्त्यानं गेलो. रायफल क्लबात जमा करायचा अर्ज लिहिला, दोनदा फाडला. शालू म्हणे, "त्या बाईनं तुमाले पाचशे त्र्याऐंशी दिले, ते नाही दिसत, एक दिसते." मी म्हटलं, तू गप्प बस. ती गप्प बसली नाही.

अन् अकराव्या दिवशी संध्याकाळी शाकीब घरी आला. राज्य स्पर्धा मेच्या शेवटी होती, तीही दुपारची. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, राग मानू नका. पॉवर कमी केली तेव्हापासून कागद दिसते. पण लाट कुणीकडे वाकली ते तुमाले कसं दिसते? मले नुसता नाच दिसते. आपाले विचारलं तर म्हणाल्या, ते मले येत नाही, ते धर्मेंद्रभाऊले येते."

राज्यावर जायची ही माझी जागा होती. हा माझ्या जागेवर जाऊन राहिला होता, अन् त्याले जे येत नव्हतं तेवढंच एक माझ्याजवळ उरलं होतं. न सांगतलं असतं तर कोणी मले नाव ठेवलं नसतं. माझ्या जिभेवर 'नाही' आलंही होतं, माझ्या तोंडात पहिले तेच येते.

"आत ये," म्हटलं. शालूले चहा ठेवाले सांगतलं. मग शाकीबले म्हटलं, "उद्या अकरा वाजता मोर्शीच्या कालव्यावर ये. दुपट्टा आण, खिशात कांदा ठेव. ललित पट्टी धरून उभा राहीन, मी माझं यंत्र लावून देतो. लाट कशी वाचायची ते दाखवतो तुले."